मालकांच्या पत्त्यावरून आलेला खोटा मेल फिल्टरने अडवला का नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुमच्या कारखान्याच्या अकाउंट्स विभागाला मालकांच्या ईमेल पत्त्यावरून मेल आला, ‘या नव्या खात्यात आजच पैसे भरा’. मालकांनी तो पाठवलाच नव्हता. पैसे जाण्याआधी कुणीतरी मालकांना फोन केला म्हणून निभावलं. मग तुम्ही तो पत्ता ब्लॉक केलात, तर मालकांचे खरे मेलच स्पॅममध्ये जायला लागले. वर मालकांच्या इनबॉक्समध्ये, त्यांनी कधी न पाठवलेल्या मेलच्या ‘पोचला नाही’ अशा परतीच्या सूचना यायला लागल्या. आणि तुम्ही विचारताय, पत्ता खोटा आहे एवढी साधी गोष्ट स्पॅम फिल्टरला कळत कशी नाही?

मी बरीच वर्षं छोट्या-मध्यम कंपन्यांची मेलची व्यवस्था बघतो आणि हा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण यात खरंच लोकांचे पैसे जातात. उत्तराची सुरुवात इथून होते: तो पत्ता खोटा नव्हताच. पत्ता मालकांचाच, अगदी खरा. वापरणारा दुसरा होता. त्यामुळे फिल्टर नुसता पत्ता बघून काहीच ठरवू शकत नाही. हा मेल आणून देणारा सर्व्हर (मेलची ने-आण करणारा संगणक) कोण, आणि त्याला हा पत्ता वापरायची परवानगी त्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या, मालकाने दिली आहे का, हे फिल्टरला शोधावं लागतं. ही परवानगी तुम्ही कुठेच जाहीर केली नसेल, तर जगातला कुठलाही फिल्टर तुमच्या बाबतीत अंदाजच बांधणार.

असं का, ते मेल कसा पोचतो यात आहे. मेल सर्व्हर एकमेकांशी एसएमटीपीचे नियम पाळून बोलतात. हे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. तेव्हाचं नेटवर्क लहान होतं, बहुतांशी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांचं. पाठवणारा स्वतःचं नाव खरं सांगतोय का, हे तपासायची सोय त्या नियमांत नव्हती. आजही दोन सर्व्हरमधलं बोलणं जवळपास तसंच चालतं. पाठवणारा ‘हेलो’ म्हणून स्वतःचं नाव सांगतो, मग ‘मेल फ्रॉम’ म्हणून एक पत्ता देतो, ‘आरसीपीटी टू’ म्हणून ज्याला द्यायचा त्याचा पत्ता देतो, शेवटी ‘डेटा’ म्हणतो आणि सगळा मेल ओततो. त्या मेलच्या आत, अगदी वर, ‘फ्रॉम’ अशी आणखी एक ओळ असते. तुम्हाला स्क्रीनवर दिसते ती ही आतली ओळ. पाकिटाच्या मागे लिहिलेला पत्ता एक आणि आतल्या पत्राच्या माथ्यावरचं लेटरहेड दुसरं, तसे हे दोन पत्ते आहेत. दोन्ही पाठवणाराच लिहितो आणि दोन्ही जुळलेच पाहिजेत अशी मुळात सक्ती नाही.

एक गोष्ट मात्र पाठवणाऱ्याला लपवता येत नाही: तो कुठल्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कुठल्या क्रमांकावरून, जोडला गेलाय ती. जोडणी टिकायला उत्तरं त्याच आयपीवर परत जावी लागतात, त्यामुळे इथे थाप चालत नाही. म्हणूनच स्पॅमविरोधी पहिली मोठी कामं आयपीवर झाली. स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची पॉल विक्सी यांची काळी यादी १९९७ मधली, अशाच याद्या ठेवणारी स्पॅमहाउस ही संस्था १९९८ पासूनची. आजही बहुतेक सर्व्हर दारातच अशा याद्या बघतात आणि मोठा कचरा मजकूर वाचण्याआधीच परत पाठवतात.

आता तुम्ही केलेल्या ब्लॉककडे येतो. तुमच्या जागी बहुतेकांनी तेच केलं असतं, पण ‘फ्रॉम’चा पत्ता ब्लॉक करून स्पॅम थांबत नाही. पाठवणारा पुढच्या मेलला दुसरा पत्ता लावतो, त्याला खर्च शून्य. सापडतो तो फक्त त्या पत्त्याचा खरा धनी. तुमचे मालक अडकले ते असे. तो नियम आजच काढून टाका.

‘तो पत्ता अस्तित्वात आहे का, हे तरी फिल्टरने विचारावं’ असंही अनेकजण सुचवतात. काही सर्व्हर तसं करायचे: मेल आला की पाठवणाऱ्याच्या डोमेनकडे उलटं जाऊन हा पत्ता आहे का म्हणून विचारायचं. तुमच्या प्रसंगात उत्तर ‘हो, आहे’ असंच आलं असतं, म्हणजे उपयोग शून्य. शिवाय ज्याचा पत्ता वापरला गेलाय त्या निरपराध माणसाच्या सर्व्हरवर जगभरातून अशी चौकशी आदळते. ‘तुम्ही खरे असाल तर या लिंकवर क्लिक करा’ असं उत्तर पाठवणाऱ्या पद्धतीचंही तेच. ते उत्तर जातं त्या निरपराध माणसाकडेच. मी दोन्ही कुणाकडेही चालू करत नाही.

चालणारा मार्ग डोमेनच्या मालकाकडून सुरू होतो आणि त्यात तीन तपासण्या आहेत. तिन्हींच्या नोंदी तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे कुणालाही बघता येणाऱ्या डोमेनच्या नोंदवहीत, टेक्स्ट रेकॉर्ड म्हणून राहतात.

पहिली एसपीएफ. ती पहिल्यांदा अधिकृतपणे २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, आजचं प्रमाण २०१४ चं. यात तुम्ही जाहीर करता की माझ्या डोमेनचे मेल अमुक सर्व्हरवरूनच निघतील. मेल घेणारा सर्व्हर समोरचा आयपी त्या यादीत आहे का ते बघतो. पण एसपीएफ तपासते पाकिटावरचा पत्ता, म्हणजे ‘मेल फ्रॉम’. आतल्या, तुम्हाला दिसणाऱ्या ‘फ्रॉम’शी तिचा काही संबंध नाही. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण फसवणूक नेमकी याच फटीतून आत येते.

दुसरी डीकेआयएम, २००७ मधली. याहूची एक आणि सिस्कोची एक अशा दोन योजना एकत्र करून ती तयार झाली. पाठवणारा सर्व्हर मेलच्या ठरावीक ओळींवर आणि मजकुरावर खासगी किल्लीने, म्हणजे फक्त स्वतःकडे ठेवलेल्या गुप्त संकेताने, सही करतो; ती सही तपासायची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही. किल्ली २०४८ बिटची ठेवा. १०२४ हे आज किमान आहे, त्याहून लहान चालत नाही. डीकेआयएमलाही मर्यादा आहे. सही कुणाच्या डोमेनची आहे हे ती सांगते, पण ते डोमेन ‘फ्रॉम’मधलंच असलं पाहिजे असा आग्रह ती धरत नाही.

तो आग्रह धरते तिसरी, डीमार्क. गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू, पेपाल अशा कंपन्यांनी मिळून ती २०१२ मध्ये पुढे आणली आणि २०१५ मध्ये ती लेखी स्वरूपात प्रसिद्ध झाली. डीमार्क विचारते: एसपीएफ पास झालं असेल तर ते ‘फ्रॉम’मधल्याच डोमेनसाठी झालं का? डीकेआयएमची सही असेल तर ती त्याच डोमेनची आहे का? दोहोंपैकी एक जरी जुळलं तरी मेल पास. काहीच जुळलं नाही तर काय करायचं, हे डोमेनचा मालक आधीच सांगून ठेवतो: ‘नन’ म्हणजे काही करू नका, फक्त मला कळवा; ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅममध्ये टाका; ‘रिजेक्ट’ म्हणजे दारातूनच परत पाठवा.

हे सगळं एकदा समोर ठेवून बघा. तो खोटा मेल जीमेलमध्ये असेल तर उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर जाऊन ‘शो ओरिजिनल’ उघडा. वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांचे निकाल दिसतात आणि खाली मूळ मेलच्या सगळ्या ओळी. त्यातली ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ ही ओळ शोधा. तिथे एसपीएफसमोर ‘पास’ दिसलं की लोक निश्चिंत होतात. त्याच ओळीत थोडं पुढे वाचा. ‘एसएमटीपी डॉट मेलफ्रॉम’ असं लिहून पुढे एक डोमेन दिलेलं असतं. माझ्याकडे आलेल्या अशा बहुतेक मेलमध्ये तिथे कुठल्यातरी परक्या, बळकावलेल्या वेबसाइटचं डोमेन असतं. एसपीएफ पास झालं ते त्या वेबसाइटसाठी. तुमच्या मालकांचं डोमेन त्यात कुठेच तपासलं गेलं नाही. डीमार्कची नोंद नसेल तर हे न जुळणं मोजलं जाईलच याची खात्री नाही. ‘रिप्लाय-टू’ ही ओळही बघा. अशा मेलमध्ये तिथे बऱ्याचदा एखादा फुकटचा पत्ता असतो, कारण तुमचं उत्तर मालकांकडे गेलं तर पाठवणाऱ्याचा डाव फसतो. ‘रिसिव्ह्ड’च्या ओळी खालून वर वाचायच्या असतात, पण विश्वास फक्त तुमच्या स्वतःच्या सर्व्हरने लिहिलेल्या वरच्या ओळींवर ठेवा. खालच्या ओळी पाठवणारा स्वतः रचून पाठवू शकतो.

तुमचा मेल न बघता मी नेमकं कारण सांगू शकत नाही, पण शक्यता तीन. एक, डोमेनला डीमार्क नाही किंवा ‘नन’वर आहे. दोन, डीमार्क नीट आहे, पण तुमच्याच बाजूला कुणीतरी आपलं डोमेन व्हाइटलिस्ट केलंय, म्हणजे न तपासता आत घ्यायच्या यादीत टाकलंय. तीन, मालकांच्या खात्याचा पासवर्डच कुणाच्या हाती लागलाय आणि मेल खरोखर त्यांच्याच खात्यातून गेलाय. तिसऱ्या शक्यतेत सगळ्या तपासण्या पास दिसतील, म्हणून ती आधी संपवा: पासवर्ड बदला, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा आणि सेटिंगमध्ये कुणी गुपचूप फॉरवर्डिंग किंवा फिल्टर लावून ठेवलाय का ते पाहा.

दुसऱ्या शक्यतेवर मी थोडा थांबणार आहे, कारण छोट्या ऑफिसांत ती सारखी दिसते. मालकांचा एखादा मेल कधीतरी स्पॅममध्ये गेलेला असतो. कुणीतरी वैतागून आपलं अख्खं डोमेन ‘नेहमी सुरक्षित’ यादीत टाकतं. त्या क्षणापासून तुमच्या डोमेनचं नाव लावून येणाऱ्या कुठल्याही मेलला दार उघडं. अनेक होस्टिंगवर (वेबसाइट आणि मेल ठेवायच्या भाड्याच्या सेवांवर) स्पॅमअसॅसिन हा फिल्टर असतो. तो प्रत्येक मेलला गुण देतो आणि मुळात ५ गुण झाले की मेल स्पॅम ठरतो. साध्या व्हाइटलिस्टमधल्या पत्त्याला तो थेट १०० गुण वजा करून देतो. मग बाकीच्या तपासण्यांनी कितीही ओरडून सांगितलं तरी काही होत नाही, आणि ही सूट तो ‘फ्रॉम’ बघून देतो, जो कुणीही लिहू शकतं. त्याच स्पॅमअसॅसिनमध्ये दुसरी सोय आहे: एसपीएफ किंवा डीकेआयएम पास झालं तरच सूट द्यायची. व्हाइटलिस्ट करायचीच असेल तर तीच वापरा. मायक्रोसॉफ्टसुद्धा आपल्या ग्राहकांना स्वतःचं डोमेन परवानगीच्या यादीत टाकू नका असं सांगतं.

मग प्रश्न येतो, मोठे फिल्टर एवढे नरम का? एसपीएफ फेल झालं की सरळ फेकून का देत नाहीत? कारण खरे मेलही फेल होतात. आपल्याकडे कितीतरी ऑफिसांत डोमेनवर आलेला मेल मालकांच्या वैयक्तिक जीमेलवर फॉरवर्ड केलेला असतो. फॉरवर्ड झालेला मेल तुमच्या होस्टिंगच्या आयपीवरून निघतो, मूळ पाठवणाऱ्याच्या यादीत तो आयपी नसतो, एसपीएफ फेल. डीकेआयएमची सही टिकते, पण मजकुराला हात लागला नसेल तरच. मेलिंग लिस्ट, म्हणजे एका पत्त्यावर आलेला मेल सगळ्या सदस्यांना पाठवणारी सोय, खाली तळटीप जोडते किंवा विषयात आपलं नाव घालते आणि सहीही मोडते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्क ‘रिजेक्ट’ केलं, तेव्हा जगभरच्या मेलिंग लिस्टवरच्या याहू सदस्यांचे मेल परत यायला लागले. त्यानंतर लिस्ट चालवणाऱ्यांना ‘फ्रॉम’ची ओळ बदलून लिहिण्यासारखे उपाय करावे लागले. म्हणून घेणारा सर्व्हर एकाच फेलवर निकाल देत नाही. आयपीची ख्याती, डोमेनची ख्याती, मजकूर, लिंका, त्या पत्त्याशी तुमचा आधीचा व्यवहार, हे सगळं मिळून वजन ठरतं.

‘पास’ म्हणजे चांगला असाही अर्थ नाही. स्पॅम पाठवणारा स्वतःचं डोमेन विकत घेतो, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही व्यवस्थित लावतो आणि तुम्हाला रद्दी पाठवतो. माझ्या मते या तपासण्यांची खरी किंमत वेगळीच आहे. त्यांच्यामुळे मेल एका नावाला बांधला जातो, आणि नाव पक्कं झालं की त्याची वागणूक मोजता येते. त्या डोमेनच्या मेलवर लोक ‘स्पॅम’ बटण किती दाबतात, हे मग त्याच्याच खात्यात जमा होतं. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून घाऊक पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. गूगलच्या नियमात दिवसाला ५,००० मेल ही घाऊकपणाची रेषा आहे, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याला पोचू द्यायच्या नाहीत अशी अट.

तुम्ही काय करायचं, ते आता सांगतो. थेट ‘रिजेक्ट’वर उडी मारू नका. आधी डोमेनच्या नावाने कोण कोण मेल पाठवतं याची यादी करा. तुमची रोजची मेल सेवा तर आहेच. बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर, पगाराच्या स्लिपा पाठवणारी सेवा, दिवाळीला शुभेच्छा पाठवायला घेतलेली बल्क मेल कंपनी, ऑफिसातला स्कॅनर, यांची आठवण लोकांना राहत नाही. आणि वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म! हा फॉर्म बऱ्याचदा चौकशी करणाऱ्या ग्राहकाचाच पत्ता ‘फ्रॉम’मध्ये घालून तुम्हाला मेल पाठवतो. म्हणजे तुमचीच वेबसाइट ग्राहकाच्या नावाने खोटा मेल पाठवत असते, आणि त्या ग्राहकाच्या डोमेनने कडक डीमार्क लावलं असेल तर चौकशी तुमच्यापर्यंत पोचतच नाही. दुरुस्ती सोपी आहे: ‘फ्रॉम’मध्ये तुमच्या डोमेनचा पत्ता ठेवा, ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये घाला.

एसपीएफची नोंद एकच असू द्या. नवी सेवा घेतली की लोक दुसरी एसपीएफ नोंद जोडतात आणि दोन नोंदी झाल्या की दोन्ही निकामी होतात. जुन्या नोंदीतच नवी सेवा घालायची. एसपीएफ तपासताना डीएनएसच्या चौकश्या १० पेक्षा जास्त झाल्या तरीही ती मोडते, म्हणून सोडून दिलेल्या सेवा काढून टाका. मग डीकेआयएम चालू करा, आणि डीमार्क ‘नन’वर ठेवून अहवाल मागवायचा पत्ता द्या. गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहूसारखे मोठे घेणारे त्या पत्त्यावर अहवाल पाठवतात: कुठल्या आयपीवरून, तुमच्या नावाने किती मेल आले, पास किती, फेल किती. अहवाल एक्सएमएलमध्ये असतात, वाचायला किचकट, पण ते टेबलात मांडून देणारी साधनं मिळतात. महिनाभर ते बघा. फेल होणाऱ्यांत ओळखीचं कुणी दिसलं तर आधी त्याची सही दुरुस्त करा. अनोळखीच उरले की ‘क्वारंटाइन’, आणि मग ‘रिजेक्ट’. किती वेळ लागेल ते तुमच्याकडे किती सेवा आहेत यावर आहे. एकच मेल सेवा असेल तर काम लवकर उरकतं. विकत घेऊन नुसतं पडून असलेलं डोमेन असेल तर त्याला आजच ‘हे कधीच मेल पाठवत नाही’ असं एसपीएफ आणि सोबत डीमार्क ‘रिजेक्ट’ लावून टाका.

एवढं करूनही दोन वाटा उरतात. एक, पत्ता भलताच पण नाव मालकांचं. मोबाइलवर बऱ्याचदा फक्त नाव दिसतं, पत्ता दिसायला त्यावर टॅप करावं लागतं. दुसरी, एखादं अक्षर बदललेलं सारखं दिसणारं डोमेन. दोन्हींत डीमार्क पास होऊ शकतं, कारण पाठवणारा स्वतःचंच डोमेन वापरतोय. अनेक मेल सेवांत ‘आतल्या माणसाचं नाव, बाहेरचा पत्ता’ असा इशारा दाखवायची सोय असते, ती चालू करा. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत देशातल्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या डोमेनवर जायला सांगितलं. ते डोमेन आयडीआरबीटी ही बँकिंग तंत्रज्ञानाची एकच संस्था देते, त्यामुळे तिथे भामट्याला नाव मिळवणं अवघड आहे. पुरवठादार आणि मालक यांच्या बाबतीत अशी सोय नाही. म्हणून खाते क्रमांक बदलल्याचा कुठलाही मेल आला तर आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करूनच पैसे सोडायचे, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. तुमच्या माणसाने नेमकं हेच केलं. आणि पैसे गेलेच, तर पहिल्या तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि बँकेला कळवा.

राहिल्या मालकांच्या परतीच्या सूचना. त्यांच्या ‘सेंट’मध्ये ते मेल नसतील आणि लॉगिनच्या नोंदीत परकं काही नसेल, तर खातं बहुधा हॅक झालेलं नाही. कुणीतरी त्यांचा पत्ता पाकिटावर घालून हजारो लोकांना स्पॅम पाठवला. त्यातले न सापडलेले पत्ते ज्या सर्व्हरवर होते, त्यांनी मेल आधी स्वीकारला आणि मग परतीची सूचना पाकिटावरच्या पत्त्याला, म्हणजे मालकांना धाडली. नीट लावलेला सर्व्हर जोडणी चालू असतानाच नकार देतो, म्हणजे नकार खऱ्या पाठवणाऱ्यापर्यंतच राहतो. त्या दुसऱ्यांच्या सर्व्हरवर तुमचा ताबा नाही, पण त्या स्पॅमच्या आतल्या ‘फ्रॉम’मध्येही मालकांचाच पत्ता असेल, तर तुमचं डीमार्क ‘रिजेक्ट’वर गेलं की डीमार्क पाळणारे मोठे सर्व्हर अशा मेलला दारातच नकार देतील आणि तिकडून येणाऱ्या सूचना थांबतील. जुन्या सर्व्हरवरून थोड्याफार येत राहतील. त्यांतल्या कुठल्याही लिंकवर किंवा जोडलेल्या फाइलवर क्लिक न करता त्या नुसत्या काढून टाकायच्या.